गोल्फमध्ये ७ आयर्ननं चेंडू नक्की किती जातो? दरवेळी ग्रीनच्या अलीकडेच पडत असेल तर हे तपासा

ग्रीन, म्हणजे होल आणि झेंडा असतो ती आखूड गवताची जागा, दीडशे यार्डांवर. वारा नाही, चढ नाही. हातात ७ आयर्न (आयर्न म्हणजे लोखंडी डोक्याचा क्लब; नंबर जितका लहान तितका चेंडू लांब जायचा), कारण ‘माझा ७ आयर्न दीडशे जातो’ हे मी दोन वर्षं धरून चाललो होतो. फटका चांगला बसतो, चेंडू सरळ जातो आणि ग्रीनच्या अलीकडच्या बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात पडतो. पुढच्या होलवर तसंच. पंधरा दिवसांनी परत खेळायला गेलो की तसंच.

आपल्या कोल्हापुरातून पूर्ण राउंड खेळायला मी पुण्याला जातो. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर. एवढं अंतर कापून दरवेळी तेच दुखणं घेऊन परत यायचं, तेव्हा माणूस उपाय शोधायला लागतो. मी ग्रिप बदलली. उभं राहताना, म्हणजे स्टान्समध्ये, चेंडू इंचभर पुढं घेतला, मग मागं घेतला. महागडे चेंडू आणले. शेवटी नवा आयर्नसेट घ्यायचा विचार पक्का होत आला होता. यातल्या कशानंच काही झालं नाही, कारण बिघाड स्विंगमध्ये नव्हताच. बिघाड माझ्या डोक्यातल्या त्या दीडशेच्या आकड्यात होता.

ज्यांना हाच त्रास आहे त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय. फक्त कॉपी-पेन्सिल, दोरी आणि चार मोकळ्या सकाळी लागतात.

आधी चूक कुठल्या जातीची ते ओळखा

मी शिवाजी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये जॉब तपासायचं काम करतो. टर्निंग होऊन आलेला माल गेजवर, मायक्रोमीटरवर बघायचा, पास किंवा रिजेक्ट. तिथं एखादी लॉट बिघडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळे जॉब एकाच बाजूला चुकलेत, की काही मोठे आणि काही लहान आलेत? सगळे सारखेच दोन-तीन शतांश मोठे असतील तर मशीन ठीक आहे, ऑफसेट, म्हणजे मशीनला दिलेला मापाचा आकडा, चुकलाय. आकडा दुरुस्त करायचा, काम संपलं. इकडे-तिकडे येत असतील तर कुठंतरी ढिलाई आहे, टूल सैल आहे किंवा बेअरिंग गेलंय. तिथं ऑफसेट हलवून काहीच होत नाही, उलट माल आणखी बिघडतो.

रोज आठ तास मी हा प्रश्न विचारतो, पण गोल्फमध्ये दोन वर्षं एकदाही विचारला नव्हता.

तुम्ही तो आजच विचारा. मागच्या तीन-चार राउंड आठवा. ग्रीनवर मारलेले फटके अलीकडे किती पडले, पलीकडे किती? जवळजवळ सगळेच अलीकडे असतील तर तो ऑफसेट आहे: तुम्ही धरलेला आकडा खोटा आहे. स्विंगला हात लावू नका. अर्धे अलीकडे, अर्धे पलीकडे असतील तर आकडा बरोबर आहे, पण चेंडू क्लबफेसच्या (क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट बाजूच्या) मध्यावर लागत नाही. त्याला प्रशिक्षक हवा, अंतराचा तक्ता नव्हे.

तिसरीही एक जात आहे. वेज (जवळच्या अंतराचे क्लब), ९, ८ बरोबर जातात, पण ५ आणि ४ कमी पडतात. किंवा सगळे बरोबर आणि एकच क्लब दगा देतो. त्याकडे पुढं येतो.

दीडशे हा आकडा आला कुठून

मे महिन्यातली दुपार, फेअरवे (ग्रीनपर्यंतचा कापलेल्या गवताचा पट्टा) वाळून खडखडीत, वारा मागून. ७ आयर्न मारला, चेंडू दीडशेच्या खुणेपाशी जाऊन थांबला. झालं. त्या दिवसापासून माझा ७ आयर्न दीडशेचा.

गोल्फ मी माझ्या मामांकडून शिकलो. मामा लष्करात होते, बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरमधून निवृत्त झाले, आणि छावणीतल्या कोर्सवर त्यांनी हा खेळ उचलला. मी दीडशेची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी एकच वाक्य ऐकवलं: “चेंडू कुठं टेकला ते सांग की, कुठं थांबला ते काय सांगायलायस?”

सगळं दुखणं या वाक्यात आहे. चेंडू हवेतून जितका जातो तो कॅरी. टेकल्यावर घरंगळतो तो रोल. बंकर, पाणी, खड्डा हे सगळं हवेतून ओलांडायचं असतं, तिथं रोल कामाला येत नाही. शिवाय कॅरी बऱ्यापैकी तुमच्या हातात असतो. रोल जमिनीच्या मर्जीवर. मे महिन्यात वाळलेल्या फेअरवेवर ७ आयर्नचा चेंडू टेकून पंधरा-वीस यार्ड सहज पुढं जातो, आणि जुलैत त्याच जागी पडल्या जागी रुततो. त्यामुळं एकूण अंतर पाठ करणं म्हणजे ऋतू पाठ करणं. तक्त्यात लिहायचा तो कॅरीच.

दुसरी चूक त्याहून खोल आहे. आपण सगळ्यात चांगला फटका लक्षात ठेवतो आणि त्यालाच आपलं अंतर म्हणतो. लॉटमधला एक जॉब बरोबर मापाचा निघाला म्हणून मी सगळी लॉट पास केली, तर दुसऱ्या दिवशी मला कामावर कोण ठेवेल? पण क्लबच्या बाबतीत आपण सगळे हेच करतो, आणि जोडीदार विचारतो तेव्हा तोच आकडा सांगतो.

आकडा ऐकून कमीपणा वाटणाऱ्यांसाठी एवढं सांगतो. पीजीए टूरवरच्या पुरुष व्यावसायिकांचा ७ आयर्नचा सरासरी कॅरी १७० यार्डांच्या थोडा पुढं आहे, आणि एलपीजीए टूरवरच्या महिलांचा १४० च्या आसपास. त्या महिला जगातल्या उत्तम खेळाडू आहेत. तुमचा आकडा १३० आला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही. तो माहीत नसणं मात्र महागात पडतं.

मोजायला जागा: खोडवा तुटल्यानंतरचं रान

कॅरी मोजण्यातली अडचण अशी की चेंडू दीडशे यार्डांवर कुठं टेकला ते उभ्या जागेवरून दिसत नाही. कठीण मैदानावर तो टप्पे घेत पुढं जातो, दाट गवतात हरवतो. रडारवालं यंत्र हे काम करतं, पण ते सगळ्यांकडं नसतं.

उपाय सापडला तो गावाकडं, काकांच्या रानात. फेब्रुवारीत खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून परत आलेला ऊस) तुटून गेला होता, नांगरट होऊन रोटर मारून झाला होता. भुसभुशीत माती, घोट्यापर्यंत पाय जाईल अशी. सहज म्हणून बांधाजवळच्या हराळीवरून एक चेंडू मारला आणि बघायला गेलो. चेंडू टेकला तिथंच बसला होता, भोवती वाटीएवढा खड्डा. रोल शून्य. आपल्याला जे मोजायचं असतं नेमकं तेच ती जमीन दाखवते.

नुसती नांगरट असेल तर थांबा. मोठ्या ढेकळांवरून चेंडू कुठंही उडतो. रोटर मारल्यावर आणि सरी सोडायच्या आधी जे आठ-दहा दिवस मिळतात, ते आपले. रान दुसऱ्याचं असेल तर मालकाला विचारा, आणि लागण झालेल्या रानात पाऊल टाकू नका.

जागा किती लागते? इथं आपल्या जुन्या मापांचा मोठा उपयोग होतो. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. ३३ फूट म्हणजे बरोबर ११ यार्ड. म्हणजे गुंठ्याची एक बाजू ११ यार्ड, आणि १८ गुंठे एका रांगेत मांडले की १९८ यार्ड. रुंदीला साडेपाच गुंठे धरले तर साठ यार्डांचा पट्टा होतो. एकूण अडीच एकरांचा लांबट तुकडा झाला. आयर्न आणि वेजसाठी तो भरपूर आहे. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब जाणारा क्लब, तिथं मारू नका.

३३ फुटांची दोरी घ्या. ताणली की लांबते ती नायलॉनची नको, सुतळी किंवा टेप चालेल. मारायच्या जागेपासून दोरीमागं दोरी टाकत जा आणि आठव्या दोरीपासून पुढं प्रत्येक दोरीला फक्कीची आडवी रेघ मारा, कबड्डीचं मैदान आखतो तशी. आठवी रेघ ८८ यार्ड, नववी ९९, दहावी ११०, अकरावी १२१, बारावी १३२, तेरावी १४३, चौदावी १५४. रेघांवर काठ्या रोवून नंबर लावले की लांबूनही वाचता येतात. दोन रेघांमधलं अंतर टेपनं मोजायचं, अंदाजानं नाही. पावलांवर भरवसा ठेवू नका. मऊ मातीत पाऊल आखूड पडतं.

ज्यांच्याकडं रान नाही त्यांनी पावसाळ्यानंतर ओलसर, मऊ असलेलं मोठं मैदान बघावं. क्रिकेटची खेळपट्टी आखलेली असेल तर दोन्ही यष्ट्यांमधलं अंतर २२ यार्ड असतं, म्हणजे आपल्या दोन दोऱ्या. त्यावरून दोरी तपासून घेता येते.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. गोल्फचा चेंडू ४६ ग्रॅमच्या आतबाहेर असतो, पण डोक्याला लागला तर माणूस मरू शकतो. शेजारच्या रानात ऊसतोड चालू असेल, बांधावरून कुणी वैरण घेऊन येत असेल, पोरं खेळत असतील, तर क्लब पिशवीतच राहू द्या. आम्ही मारायच्या दिशेला दोन्ही कोपऱ्यांवर बघायला माणूस उभा करतो, पट्ट्याच्या बाहेर. आणि जितके चेंडू मारले तितके मोजून परत गोळा करायचे. रानात राहिलेला चेंडू पुढं कुणाच्या तरी अवजारात अडकतो.

मारायचं कसं

सकाळी नवाच्या आत. जानेवारी-फेब्रुवारीत त्या वेळी वारा पडलेला असतो. वारा बघायला गवत उडवतात, पण गवत डोक्याच्या उंचीपर्यंतचाच वारा सांगतं आणि आपला चेंडू सत्तर-ऐंशी फूट वर जातो. आमच्या रानापासून गुऱ्हाळाचं धुराडं दिसतं. धूर सरळ वर जात असेल तर मोजायचं, कलला तर चहा प्यायला जायचं. दव असेल तर प्रत्येक फटक्याआधी चेंडू आणि क्लबफेस फडक्यानं पुसा. ओल्या फेसवर फिरकी बसत नाही आणि आकडे विस्कटतात.

खेळताना जो चेंडू वापरता तोच वापरा. पंधरा चेंडू एकाच जातीचे, फार खरचटलेले नकोत.

एका सकाळी तीनच क्लब. प्रत्येकी पंधरा फटके म्हणजे पंचेचाळीस, सरावाचे दहा वेगळे. त्यापुढं अंग थकतं आणि तुम्ही थकव्याचं अंतर मोजायला लागता. बारा क्लब एकाच दिवशी उरकायचा मोह मलाही झाला होता. त्या दिवशीचे शेवटचे चार क्लब परत मोजावे लागले.

आणि एकाच क्लबनं सलग पंधरा मारू नका. सातव्या-आठव्या फटक्याला हात बसतो आणि आकडे खरे असतात त्यापेक्षा चांगले येतात. कोर्सवर एकच आयर्न सलग दोनदा क्वचितच हातात येतो. म्हणून ९, ७, ५ असे आळीपाळीनं मारा. कुठला चेंडू कुठल्या क्लबचा हे कळायला मी कामावरचीच पद्धत वापरली: ९ ला लाल ठिपका, ७ ला निळा, ५ ला हिरवा.

मोजणी सुरू झाली की हाताचा जोर आपोआप वाढतो. हे मला मामांनी दाखवलं. “वही उघडली की तू दांडपट्टा फिरवायलायस,” म्हणाले. उपाय असा की दूरची एखादी खूण धरा, काठी, झाड, काहीही, आणि तिकडं मारा. किती गेला ते बघायला मान वर करू नका, सगळे मारून झाल्यावरच चालत जा.

क्लब वरच्या बाजूला लागून सरपटत गेलेला चेंडू यादीत घेऊ नका, पण त्याची वेगळी नोंद ठेवा. थोडा जाड (क्लब आधी मातीला टेकून) किंवा थोडा पातळ (क्लबची खालची कड चेंडूच्या मध्याला लागून) गेलेला मात्र घ्यायचाच. तो फटका कोर्सवर तुमच्याबरोबर येणार आहे.

आकडे वाचायचे कसे

माझ्या ७ आयर्नचे पंधरा आकडे, लहानापासून मोठ्याकडं, यार्डांत: ११८, १२४, १२७, १२९, १३१, १३२, १३३, १३४, १३५, १३६, १३७, १३८, १४०, १४३, १४९.

दीडशेवाला फटका यात आहे, शेवटचा. तो खोटा नव्हता, पण पंधरात एकदाच येणारा होता. मधला, म्हणजे आठवा आकडा १३४. तोच तक्त्यात लिहायचा. सरासरीपेक्षा मधला आकडा बरा, कारण एखादा फारच वाईट फटका सरासरीला ओढून नेतो, मधल्याला हलवू शकत नाही.

त्याच्या शेजारी चौथा आणि बारावा आकडाही लिहा: १२९ आणि १३८. निम्म्याहून जास्त फटके या नऊ यार्डांत पडतात. ही रुंदी मला मधल्या आकड्याइतकीच महत्त्वाची वाटते. समजा पाण्याचा पलीकडचा काठ १३० यार्डांवर आहे. मधला आकडा १३४ म्हणतो, ‘जाईल’. पण यादी बघा: पंधरातले चार १३० च्या आत आहेत. म्हणजे जवळजवळ दर चौथा चेंडू पाण्यात. तिथं ६ आयर्नच काढायचा. हा निर्णय नुसत्या १३४ वरून घेता येत नाही.

पहिल्या दिवशी ही यादी मांडून बसलो तेव्हा मन खट्टू झालं, हे कबूल करतो. सोळा यार्ड गेले होते. पण पुढच्याच राउंडला दीडशेवर ५ आयर्न काढला, नेहमीसारखा मारला, आणि चेंडू ग्रीनवर टेकला. त्या आवाजासाठी मी दोन वर्षं थांबलो होतो.

दोन क्लब एकाच जागी, आणि मध्येच मोठी दरी

सगळा तक्ता भरल्यावर जे दिसतं ते वेगळंच असतं. माझे मधले आकडे असे आले: सँड वेज ७६, पिचिंग वेज १०६, ९ आयर्न ११५, ८ आयर्न १२५, ७ आयर्न १३४, ६ आयर्न १४४, ५ आयर्न १४९, ४ आयर्न १५०.

९ पासून ६ पर्यंत पायऱ्या बघा, नऊ-दहा यार्डांच्या. दोन्ही टोकांना मात्र गडबड.

५ आणि ४ एकाच जागी पडतात. आयर्नमध्ये नंबर कमी होतो तसा लॉफ्ट, म्हणजे क्लबफेसचा तिरपेपणा, साधारण ३ ते ४ अंशांनी उतरतो, आणि चेंडू लांब जायला हवा. पण कमी लॉफ्टच्या क्लबला चेंडू वर चढवायला क्लबहेडचा वेग लागतो. वेग कमी असेल तर चेंडू खालूनच निघतो, फिरकी पुरत नाही आणि लवकर बसतो. हा ढिलाईचा प्रकार नव्हे. मशीनची ताकदच तितकी आहे. जोर लावून ते सुटत नाही. मी ४ आयर्न काढून टाकला आणि २२ अंशांचा हायब्रिड (आयर्न आणि वुड यांच्या मधला क्लब) घेतला. त्याचं वजन खाली आणि मागं असल्यानं चेंडू सहज उचलला जातो. कॅरी १५८.

दुसऱ्या टोकाला १०६ आणि ७६ यांच्यात तीस यार्डांची दरी. नव्वद यार्डांवरून मी नेहमी चुकायचो आणि दोष हाताला द्यायचो. कारण साधं निघालं. माझा पिचिंग वेज ४४ अंशांचा आहे, सँड वेज ५६ चा. बारा अंशांच्या मध्ये काहीच नाही. अलीकडच्या सेटमध्ये आयर्न लांब जावेत म्हणून लॉफ्ट उतरवलेले असतात, त्यात पिचिंग वेजही पुढं सरकलाय, सँड वेज मात्र जुन्या जागीच राहिला. ५० अंशांचा वेज घेतला, कॅरी ९२. ४ आयर्न गेला, हायब्रिड आणि हा वेज आला. पिशवीत चौदापेक्षा जास्त क्लब नियमानं चालत नाहीत, तेवढं मोजून घ्या.

यावरूनच कळेल की दुसऱ्याच्या ७ आयर्नशी तुलना का करायची नाही. मामांच्या जुन्या सेटचा ७ आयर्न ३५ अंशांचा आहे, माझा ३० चा. दोघांवर ७ कोरलंय, पण तो आकडा म्हणजे नाव आहे, माप नाही.

एखादाच क्लब ओळीतून बाहेर असेल, म्हणजे ९ आणि ७ बरोबर आणि मधला ८ आयर्न ७ इतकाच जातोय, तर त्या क्लबचा लॉफ्ट तपासून घ्या. क्लब आपटून, कठीण जमिनीवर मारून वाकतात. मोठ्या शहरातल्या क्लब दुरुस्तीवाल्याकडं लॉफ्ट मोजायचं यंत्र असतं.

रेंज, सिम्युलेटर, फोन

रेंजवरच्या, म्हणजे सरावाच्या मैदानावरच्या, आकड्यांवर तक्ता बांधू नका. तिथले चेंडू घासलेले असतात, काही मुद्दाम कमी जाणारे बनवलेले असतात. ज्यावरून मारतो ती कृत्रिम गवताची मॅटही फसवते: क्लब चेंडूच्या मागं टेकला तरी मॅटवरून घसरून चेंडूला लागतो आणि फटका बरा जातो. तोच फटका मातीत निम्म्या अंतरावर पडला असता. रेंज सरावासाठी चांगली, मोजमापाला नाही.

सिम्युलेटर असेल तर दोन प्रश्न विचारा: दाखवतोय तो कॅरी की एकूण अंतर, आणि उंची-तापमान काय धरलंय. फोनवरचं ॲप खूप कामाचं आहे, पण मोकळ्या जागीही जीपीएस चार-पाच मीटर इकडे-तिकडे होतं आणि ते चेंडू थांबल्याची जागा धरतं. शिवाय झाडाखालून मारलेला अर्धा फटकाही ॲप ‘७ आयर्न’ म्हणून जमा करतं. असे फटके त्याच दिवशी पुसून टाका.

तक्ता बरोबर असूनही अलीकडेच पडतोय?

सगळ्यात आधी यंत्राचं एकक बघा. आमच्यातल्या एका दादांचा प्रत्येक क्लब सारख्याच प्रमाणात कमी पडायचा, साधारण नऊ टक्के. वेजला आठ-नऊ यार्ड, ५ आयर्नला तेरा-चौदा. चूक अंतराच्या प्रमाणात वाढत असेल तर शंका एककावर घ्यायची. त्यांचं अंतर मोजायचं लेझर यार्डांऐवजी मीटरवर लावलेलं होतं. १०० मीटर म्हणजे १०९ यार्डांहून थोडं जास्त. बटण बदललं, दुखणं गेलं.

मग खूण कशाची आहे ते बघा. जीपीएस बहुतेक वेळा ग्रीनच्या मध्याचं अंतर देतं, लेझर झेंड्याचं. झेंडा पुढच्या काठाला असेल आणि तुम्ही मध्यावर मारलं तर चूक चालून जाते. उलट असेल तर नाही. लेझर सरळ रेषेत मोजतं, चढ धरत नाही. ग्रीन तीन फूट वर असेल तर साधारण एक यार्ड वाढवायचा, खाली असेल तर कमी करायचा. चढ मोजणारं बटण स्पर्धेत वापरता येत नाही, म्हणून हा हिशेब तोंडी यायला हवा.

वाऱ्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी सारखा नसतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. ताशी सोळा किलोमीटरचा वारा समोरून असेल तर साधारण दहा टक्के अंतर जातं, पण तेवढाच वारा मागून असेल तर जेमतेम पाच टक्के मिळतं. माझ्या १३४ चे समोरच्या वाऱ्यात १२० होतात. तिथं दीड क्लब वाढवायचा आणि जोर वाढवायचा नाही. जोरानं फिरकी वाढते आणि चेंडू वर चढून तिथंच थांबतो.

रफमधून (फेअरवेबाहेरच्या वाढलेल्या गवतातून) मारताना फेस आणि चेंडूच्या मध्ये गवत येतं. आखूड गवतात फिरकी कमी होऊन चेंडू अपेक्षेपेक्षा लांब पळतो, दाट ओल्या गवतात क्लबच अडकतो. तक्ता फेअरवेचा आहे, हे लक्षात ठेवून मारा.

थंडीत सकाळी १५ अंशांना आणि एप्रिलमध्ये दुपारी ३७-३८ ला तोच फटका सारखा जात नाही. थंड हवा दाट असते. दहा अंशांच्या फरकाला ७ आयर्नमध्ये दोन यार्डांच्या आसपास धरा. उंचीचंही तसंच. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५७० मीटरवर, पुणंही जवळपास तितकंच, त्यामुळं आपल्या रानातला तक्ता पुण्यात जसाच्या तसा चालतो. गोव्यात किंवा मुंबईत समुद्राकाठी खेळाल तर दोन टक्के कमी धरा. ‘पावसाळ्यात हवा जड होते, म्हणून चेंडू कमी जातो’ असं आपल्याकडं सगळे म्हणतात. बाष्पाची हवा खरं तर कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते. पावसात अंतर जातं ते ओल्या चेंडूनं, ओल्या ग्रिपनं आणि बंद झालेल्या रोलनं.

तक्ता मी पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या कागदावर लिहून, प्लास्टिक चढवून पिशवीला बांधलाय. प्रत्येक क्लबपुढं तीन आकडे: चौथा, मधला, बारावा. चेंडूची जात बदलली, ग्रिप बदलल्या किंवा आजारपणातून उठलो की सगळा तक्ता परत करत बसत नाही. रानात जाऊन ९, ७ आणि ५ यांचे पंधरा-पंधरा फटके मारतो. तिन्हींचे मधले आकडे दोन-तीन यार्डांत जुळले तर जुना कागद तसाच ठेवतो. नाही जुळले तर पुढच्या तीन सकाळी मोकळ्या ठेवायच्या आणि काकांना विचारायचं, खोडवा कधी तुटतोय.